शीतलचा फॉर्म

५ जानेवारी, सोमवार

प्राची सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली. जाताना चार फॉर्म टेबलावर ठेवून गेली. स्वभाव चाचणी म्हणे. तिच्या कंपनीत सगळ्यांची करतात, आता बापाची आणि काकाची करणार. म्हटलं, इतकी वर्षं एका घरात राहिलेल्यांचा स्वभाव कागदावर बघायचा व्हय? तर म्हणाली, "पप्पा, काका वेगळे व्हायच्या आधी एकदा एवढं करूया." मग फॉर्म ठेवून घेतले.

दिवाळीत धाकट्यानं, शीतलनं, वेगळं व्हायचं काढलं. तेव्हापासून भाऊ म्हणून बोलणं बंदच. मी गुजरीत आमच्या चांदीच्या दुकानात, तो हुपरीत आमच्या पैंजणाच्या कारखान्यात. फोनवर नुसता माल. "चार डझन जोड पाठव." "पाठवतो, अण्णा." कारण विचारलं तर म्हणतो, काय न्हाय, पोरं मोठी झाली. हे काय कारण झालं? एका चुलीवरचं घर, आणि…

८ जानेवारी, गुरुवार

ऐंशी प्रश्न. माझा फॉर्म अर्ध्या तासात झाला. 'इतरांचे पूर्ण ऐकून घेता का?' खूण केली, 'नेहमी'. सौ.नं मागून वाचलं आणि हसत सुटली. हसण्यासारखं काय होतं कळलं न्हाय. तिनं आपला भरला. रूपालीनं, म्हणजे शीतलच्या बायकोनं, तिचा वर नेऊन भरला आणि दुमडून आणून दिला.

शीतलचा राहिला. लग्नसराई हाय, तो सातच्या बसनं हुपरीला जातो, येतो तो दमून. कुरिअरवाला दुपारी यायचा होता. मीच भरला. सौ. म्हणाली, "भावजींना विचारा तरी." त्यात विचारायचं काय? आबा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा. शाळा, बँक, लग्नाचा बायोडाटा, सगळे कागद मीच भरलेत. त्याची सही त्याच्यापेक्षा मला बरी येते.

१८ जानेवारी, रविवार

प्राची पुण्याच्या बाईंना घेऊन आली. समुपदेशक. बाई शांत, आवाज न चढवता बोलणाऱ्या. सगळे हॉलमध्ये बसलो. माझ्या अहवालात काय होतं ते लिहीत न्हाय.

मग शीतलचा वाचला. 'निर्णय घेणे आवडत नाही. सांगितलेले काम नेटाने करतात. राग येत नाही. स्वतःच्या वेगळ्या अपेक्षा नाहीत.' बाई म्हणाल्या, "शीतलराव, मग वेगळं व्हायचं तुमच्या मनात कुठून आलं? यात तर त्याचा मागमूस नाही."

शीतल म्हणाला, "मॅडम, मी असलं काय भरलंच न्हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "मी भरला. तू कामात होतास." अगदी साधं वाटलं होतं मला ते.

त्यानं बाईंच्या हातनं फॉर्म घेतला. ओळीवर बोट ठेवत सगळी पानं वाचली. ओरडंल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "राग येत न्हाय, लिवलंय," एवढंच म्हणाला. मग थांबून, "दहावी झाल्यावर कॉमर्सचा फॉर्म बी तुम्हीच भरलता. मी शेजारी उभा होतो, अण्णा."

बाईंनी कोरा फॉर्म पुढं केला. "आता नको," म्हणाला.

दिवस मावळायच्या आत जेवायचा घरचा नेम, म्हणून सौ.नं पानं घेतली. शीतल जेवला न्हाय. वर निघून गेला.

१९ जानेवारी, सोमवार

बाई जाताना म्हणाल्या, "तो फॉर्म टाकून देऊ नका. तुम्हाला भाऊ कसा दिसतो ते त्यात आहे." दुकानात घेऊन बसलो. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तरी माझं लक्ष न्हाय.

माझ्या स्वतःच्या फॉर्मवर तीन ठिकाणी खाडाखोड हाय. याच्यावर एक न्हाय. ऐंशी उत्तरं, कुठं पेन थांबलेलं न्हाय. 'मोकळ्या वेळात काय करायला आवडते?' पुढं लिहिलंय, 'काम'. खरंच काय आवडतं त्याला? चहा किती गोड लागतो ते माहीत हाय. आणखी…

गल्ल्यावर बसून रडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सेल्समनला म्हणालो, डोळ्यात काहीतरी गेलं.

२५ जानेवारी, रविवार

हुपरीत शीतलनं घर बघितलंय. रूपालीनं सांगितलं, त्यानं न्हाय. म्हणाली, "अण्णा, तुमच्याबद्दल ते वावगं बोलत न्हाईत. पण घरी आले की तासभर कुणाशीच बोलत न्हाईत. मला वाटायचं दमतात." पदर डोळ्याला लावला आणि आत गेली.

प्राचीचा फोन. रडत होती. "पप्पा, मी ते आणायलाच नको होतं." म्हटलं, बाळ, तू नुसता आणलास. भरला मी.

संध्याकाळी सौ.चं एकच वाक्य. "मी म्हणत होते, विचारा."

५ फेब्रुवारी, गुरुवार

न कळवता हुपरीला गेलतो, बसनं. स्वतःच्या कारखान्यात दोन वर्षांनी पाऊल टाकलं. मला बघून कारागीर उठून उभे राहिले. शीतल गॅसपाशी बसून घुंगरू जोडत होता. "बसा," म्हणाला. बसल्या जागेवरनं चहा सांगितला.

येताना बसमध्ये पाठ केलं होतं तेवढं विचारलं. "शीतल, दहावीनंतर तुला काय घ्यायचं होतं?"

त्यानं गॅस बंद केला. चिमटा खाली ठेवला. हातातला जोड फडक्यानं पुसला. मग म्हणाला, "आठवत न्हाय आता."

खरंच आठवत न्हाय, का मला सांगायचं न्हाय? महिन्यापूर्वी विचारलं असतं तर मी डोळे झाकून उत्तर लिहिलं असतं. आज त्याचं तोंड बघून काहीच कळलं न्हाय.

रविवारी त्यांचं सामान हलणार. म्हणालो, टेम्पो मी सांगतो. "सांगितलाय," म्हणाला. पोरांच्या शाळेचं बघू का म्हणालो. "बघितलंय, अण्णा."

स्टँडवर सोडायला आला. बस यायला वेळ होता. दोघंही उभे. एकदा वाटलं बोलणार हाय, पण बस आली. मी चढून खिडकीपाशी बसलो. तो गेला न्हाय, बस सुटेपर्यंत तिथंच होता.