फेसाखालचं ॲसिड

७ जानेवारी २००२, सोमवार
आज फेस बघण्यासारखा आला. दाट, राखाडी. दिवाळीपासून या राजस्थानच्या फॉस्फेटच्या दगडाने डोकं खाल्लंय. पीठ करून पाण्यात ढवळा, साबण घाला, हवा सोडा, तर डोलोमाइटच्या कचऱ्याबरोबर फॉस्फेटही फेसात चढून बसतं. फॉस्फोरिक ॲसिडने ते दाबायचं, म्हणजे कचरा वर आणि माल खाली. आजवर निम्माशिम्माच दबायचा. आज मशीनवर माझी मदतनीस राजश्री. म्हणाली, "मॅडम, खालचा माल बघा की." खरंच स्वच्छ.
पण नवा कॅन उघडताना नाकात झोंबलं. फॉस्फोरिकला असा वास नसतो. लॅबच्या मालकांना विचारलं. सप्लायर बदललाय म्हणाले, बाकी तेच.

९ जाने., बुध.
राजश्रीच्या हातमोज्याला भोक. उजव्या हाताची दोन बोटं भिजली. नळाखाली धुतली. ना लाल, ना फोड. हसत परत मशीनवर. नवे हातमोजे आणा म्हणून मालकांना किती वेळा सांगायचं?
संध्याकाळी बिद्रीच्या एसटीत चढताना बोटांवर फुंकर घालत होती.

१० जाने.
राजश्री नाही. तिच्या वडिलांचा फोन. साखर कारखान्यात कामाला असतात. "पोरगी रडाय लागल्या. वरनं काय दिसत न्हाय, आतनं जळतंय म्हणत्या." गावच्या डॉक्टरने भाजल्याचं मलम दिलंय.
फॉस्फोरिकने असं होत नाही. कॅनमधलं थोडं काढून फॉस्फेट ओळखायचं मॉलिब्डेट घातलं, गरम केलं. पिवळा साका पडायला हवा. पडला नाही. मग ओतायच्या काचेच्या मापाकडे लक्ष गेलं. आतून धुरकट. काच खाणारं ॲसिड. फ्लुओसिलिसिक. खताच्या कारखान्यांत उरणारं, त्यांना नकोसं, म्हणून स्वस्त.
केबिनचं दार न वाजवता आत गेले. मालक आधी सप्लायरवर ढकलायला लागले, मग कबूल. म्हणाले, "हेही फॉस्फेट दाबतं, पुस्तकात आहे की. चालतंय ना?"
चालतंय. मी कुठे नाही म्हणते? नाव का लपवलं? कॅनवरची चिठ्ठी कुणी काढली? नाव माहीत असतं तर ती बोटं नुसत्या पाण्याखाली धरून आम्ही हसत बसलो असतो का? मालक फोन घ्यायला लागले.
जीप करून बिद्री. तिला उचलून कोल्हापुरात आणलं. डॉक्टरांना ॲसिडचं नाव सांगितलं तसे ते खुर्चीतून उठलेच. हे कातडीतून आत मुरतं, कॅल्शियमच त्याला अडवतं म्हणाले. कॅल्शियमची इंजेक्शनं जेलीत कालवून बोटांना थापली, मग सुईने बोटांतही. मग कुठे तिचं कण्हणं थांबलं. तर्जनीचं टोक काळं पडलंय. राहील की जाईल, आत्ताच सांगता येत नाही म्हणाले.
तिचे वडील बाहेर बाकावर. फेटा मांडीवर.

१३ जाने., रवि.
मालक घरी आले. अप्पांचे तालमीतले दोस्त, म्हणून मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात थेट आतल्या खोलीपर्यंत. दवाखान्याचं सगळं बघतो म्हणाले. फक्त कुणी चौकशीला आलं तर पोरीनेच हातमोजे नीट घातले नव्हते एवढं सांगायचं. आणि मंगळवारी राजस्थानच्या खाणीचे लोक मशीन बघायला येणार, तेव्हा तोंड बंद.
अप्पा म्हणाले, "घरचा माणूस आहे. मिटवून टाक."
मी विचारलं, "आणि राजश्री कुणाच्या घरची?"
आईने कप उचलले. मालक गेल्यावर अप्पांनी पेपर उघडला. तो हातातून ओढून घ्यावासा वाटला. घेतला नाही. जेवलेही नाही.

१५ जाने., मंगळ.
खाणीचे दोघे आले. मशीन मीच चालवलं, स्वतः आणलेले जाड हातमोजे घालून. फेस वर, माल खाली. मालक मधूनमधून सांगत होते, ही आमची खास पद्धत.
मशीन थांबवलं. कॅन पुढे ओढून ॲसिडचं नाव सांगितलं. राजश्रीची बोटं सांगितली. नाव लपवून आम्हाला कामाला लावलं हेही सांगितलं. आवाज चढला माझा. चढू दे.
धाकटा साहेब कॅनपासून मागे सरकला. थोरल्याने चष्मा पुसला आणि हिंदीत विचारलं, फेसाबरोबर फॉस्फेट किती वाया जातं?
एवढंच. बोटाबद्दल काही नाही. एवढं चांगलं काम आपल्या हातून झालं याची आयुष्यात पहिल्यांदा किळस आली.
मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले.

१७ जाने.
कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात तक्रार दिली. साहेब दौऱ्यावर. शिक्का मारून घेतला.
लॅबवर परतले तर पेढे. खाणीची ऑर्डर आली. सोमवारपासून दोन पाळ्या, पहिलीला मी. काढून टाकतील म्हणून टेबल आवरून ठेवलं होतं. काढत नाहीत, कारण तो फेस मलाच आणता येतो. कॅन तोच. हातमोजे तेवढे नवे आले.
अप्पा बोलत नाहीत. घरात निरोप आईमार्फत.

२० जाने., रवि.
बिद्रीला गेले. काल तर्जनीचं टोक काढलं. दुसरं बोट वाचलं. पट्टीचा हात उशीवर ठेवून बसली होती. मालकांनी तिच्याकडेही माणूस पाठवलेला, बरी झालीस की ये म्हणून. तक्रारीचं सांगितलं. मान हलवली, बरं झालं म्हणाली. मग म्हणाली, "मी येतो की कामाला. घरात बसून काय करू? पर मशीनपाशी तुम्ही हायसा न्हवं?"
वडील दारात उभे, माझ्याकडे बघत. मी चहाचा कप खाली ठेवला. तुझी काळजी घे, असलं काहीतरी पुटपुटून निघाले.
मी गेले नाही तर तो कॅन दुसरं कुणीतरी उघडणार. गेले तर मीच.
उद्या सोमवार.