थोड्या सांध्यांचा

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण सध्या आमच्या घरात गुडघ्यांचा विषय नाजूक आहे.) तुझं पित्त आणि भावोजींचा स्वभाव, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे.

तुझ्या भाचीचं, म्हणजे ठकीचं, लंगडणं नाटक नव्हतं. सकाळी पलंगावरून उतरताना पाय सरळ होत नाही आणि दुपारी जिन्यात धावते, म्हटल्यावर शाळेच्या बाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिच्या अभिनयाचं परीक्षण करत होते. गुडघा सुजला तेव्हा ते बंद झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान मुलांचा संधिवात. मी म्हटलं, अहो, ती दुसरीत आहे. (जणू आजाराने चुकून आमची बेल वाजवली होती.) मग त्यांनी प्रकार सांगितले. ताप नि पुरळ घेऊन गाजावाजा करत येणारा, पुष्कळ सांधे धरणारा, सोरायसिसशी सोयरीक असलेला, आणखी एकदोन. आपल्या वाट्याला आला 'थोड्या सांध्यांचा'. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघांनी त्याचा 'थोडासा संधिवात' करून टाकला. हिने तर माहेरी पोरगी पास झाल्याच्या सुरात फोन केला.

थोडे होते ते सांधे, ताई. नेमका हाच प्रकार गुपचूप डोळ्यांत शिरतो; ना लाली, ना पाणी. डोळे दाखवायला सांगितलं होतं, ते आम्ही 'थोड्यासाठी कशाला' म्हणून पुढे ढकललं. शेवटी दाखवले तेव्हा उजव्या डोळ्यात आतून सूज निघाली. डोळ्यांचे डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता थेंब आहेत, आणि दर आठवड्याला घरीच द्यायचं इंजेक्शन. ते चुकलं नाही तर नजर वाचेल, म्हणतात. नर्सने मला संत्र्यावर शिकवलं. एकही संत्रं रडलं नाही. ठकीही रडत नाही. परवा मांडी पुढे करून म्हणाली, "बाबा, आत्याचे गुडघे म्हातारपणामुळे दुखतात ना? मग मी कधी म्हातारी झाले?" लोकांना हसवायचा माझा धंदा; दुकानातली एक जुनीच गोष्ट काढली आणि ती सांगत सुई टोचली.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. भावोजींनी पाठवलेलं तांब्याचं कडं पोचलं. ठकीला सैल होतं, म्हणून मीच घातलंय. माझे सांधे उत्तम आहेत.

आणखी ता. क. तू जन्मभर वॉर्डात इंजेक्शनं दिलीस. थोडे दिवस इथे येऊन राहा. सुई टोचणारा आणि गोष्ट सांगणारा एकच माणूस झाल्यापासून ती गोष्ट ऐकताना माझ्या हातांकडे बघत असते.