उसना पंखा आणि जावईबापूंचं कुलूप

ता. ११ एप्रिल

चि. छबूस,
घामेजलेले, तरीही अनेक आशीर्वाद.

अत्यंत गंभीर तक्रार नोंदवतो. तुझ्या यजमानांनी मागच्या उन्हाळ्यात मला उसना दिलेला टेबलपंखा साहेबांच्या हुकमावरून कचेरीतल्या गणकयंत्राच्या तोंडाशी नेऊन ठेवला आहे. माणूस तापला तर चालतो, यंत्र तापून चालत नाही.

आणि यंत्र तापतं तेही जावईबापूंच्याच कामामुळे. त्यांनी बनवलेलं सांकेतिक कुलूप इस्पितळं आपल्या नोंदींना लावणार, आणि ते फुटतं का हे बघण्याची हमाली माझ्याकडे. मजकुराचा एकेक ठोकळा घेऊन ते किल्लीबरहुकूम घुसळतं, फेरीमागून फेरी. मी त्यावर यंत्रातून ते फोडायचे आंधळे प्रयत्न सोडतो. ज्यांच्या हाती जरा तरी धागा लागतो तेवढे ठेवतो, त्यांची आपसात लग्नं लावतो, बाकीच्यांना निरोप. पोरं आईबापांहून किंचित बरी निघतात, काही बिघडतात. पुन्हा निवड, पुन्हा लग्नं. सुरुवातीला त्यांना झेपावं म्हणून कुलपाच्या घुसळण्याच्या फेऱ्या मोजक्याच ठेवल्या होत्या. स्थळं जुळवून जुळवून जीव मेटाकुटीला आलाय.

वाईट बातमी शेवटी लिहितो, कारण हात उचलत नव्हता. काल एका पिढीला कुलपात फट सापडली. अहवाल साहेबांना दिला. जावईबापूंची नोकरी या कुलपावर कायम व्हायची होती, हे मला ठाऊक आहे. काय करू, काम आहे.

राग आला तरी पत्र टाकावं.
तुझा,
दादा

ता. १६ एप्रिल

ती. दादास,
रुसलेल्या छबूचा नमस्कार.

आमच्याच पंख्याच्या वाऱ्यावर आमचंच कुलूप फोडलंस, शाब्बास. ह्यांना पत्र वाचून दाखवलं. ह्यांनी चहा निवू दिला, मग म्हणाले की फुटायचंच असेल तर दादांच्या हातून फुटलेलं बरं, निदान नीट फुटेल. मला तुझ्याशी कडकडून भांडायचं होतं, तेही या माणसाने होऊ दिलं नाही. कायम झाले नाहीत तर ही जागा सोडावी लागेल. मी खोकी आणायला सांगितली आहेत.

ह्यांनी एवढंच विचारायला सांगितलंय, की शेवटी फेऱ्या पूर्ण केल्या होत्यास ना? त्यांच्या मते तू असलं काही विसरणार नाहीस. पण तुझ्यावर सोपवलेलं दूध दर वेळी उतू जायचं, हे त्यांना कुठे माहीत आहे.

लोभ आहे, सध्या मोजूनमापून.
छबू

ता. २० एप्रिल

चि. छबूस,
खाली मान घालून आशीर्वाद.

दूध उतू गेलं. फेऱ्या मोजक्याच राहिल्या होत्या. अर्धवट लावलेल्या कुलपाशी खेळून माझी पोरं पहिली आली आणि मी टाळ्या पिटत बसलो. साहेबांकडे जाऊन अहवाल परत मागितला. त्यांनी चष्मा काढून विचारलं, की इतकी वर्षं आपण असंच काम करत होतात का. मी उकाड्याचं कारण दिलं.

पूर्ण फेऱ्या लावून पोरं पुन्हा सोडली. पिढ्यान्‌पिढ्या ढ निघाल्या, नुसत्या चाचपडण्याहून तसूभर सरस नाहीत. यावरून कुलूप अभेद्य ठरत नाही. माझ्या पोरांना फुटलं नाही, इतकंच, आणि तसंच लिहिलंय. चूक कोणाची आणि ती कोणी पकडली, हेही लिहिलंय. साहेबांनी सही केली. जावईबापूंना कायम करण्याचा कागद पुढे गेला. खोकी परत कर.

यंत्र आता थंड आहे. सोबत पंखा पाठवतो. पाती पुसली आहेत, जाळीचा ढिला स्क्रू बसवला आहे. पंख्याचं जावईबापूंना काही बोलू नकोस. नेहमीच्या जागी ठेवून दे.

तुझा,
दादा