सहभागी क्रमांक आठ

धुळे, १७ नोव्हेंबर १९९१

तीर्थस्वरूप लोटनभाऊंना धाकट्या सुकदेवचा दंडवत.

तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि म्हशीचं दूध, तिन्ही ठीक असावं असं धरून चालतो, कारण आबा गेल्यापासून दोन वर्षांत तुमचं पत्र नाही (मीही लिहिलं नाही). मी बरा आहे. कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात पीएचडी करतो. समुपदेशकाकडे जाऊन मन मोकळं केलेल्या माणसांना त्यातून काय मिळालं, हा विषय. आकडे नाहीत. माणसाला बोलतं करायचं, टेप करायचं आणि उसासेसुद्धा न गाळता लिहून काढायचं. (आपल्याकडे हे काम ओट्यावर फुकट होतं, हे मी मार्गदर्शक मॅडमना सांगितलं नाही.)

मुलाखत एकांतात घ्यायची असा नियम आहे. कमलबाईंकडे गेलो तर एकांताला अख्खी गल्ली आली. मी विचारायचं कमलबाईंना आणि उत्तर द्यायचं शेजारच्या पुष्पाबाईंनी. "तिले काय इचारतस भाऊ? माले इचारा, माले बठ्ठं माहीत शे." घरी येऊन टेप ऐकली, तर चाळीस मिनिटांत कमलबाई फक्त दोनदा खोकल्या होत्या. दोन्ही खोकले इमानाने लिहिले. (कमलबाई हे नाव खोटं आहे, खरं गुप्त ठेवावं लागतं. पुष्पाबाई मात्र खऱ्या.) दुसऱ्या खेपेला कमलबाई दार लावून बोलल्या, आणि खूप रडल्या. आता लिहिलेलं बोलणाऱ्याला वाचून दाखवायचं आणि चुकलेलं दुरुस्त करून घ्यायचं, हाही नियमच. बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "हाई रडनं काढी टाका. पोऱ्याले नोकरी लागनी ते लिखा." पोराची नोकरी आता प्रबंधात आहे.

अशी सात माणसं झाली. मॅडमना आठ हवी होती. आठव्यासाठी फार हिंडावं लागलं नाही. आबांच्या दिवसांनंतर माझी झोप उडाली, तेव्हा सहा महिने मीच अशा एका समुपदेशकाकडे जात होतो. (कॉलेजात दाढेचं कारण सांगितलं होतं.) मग मीच टेपसमोर बसलो, मीच विचारलं, मीच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांत खरी मुलाखत हीच. त्यावर मला कबुली द्यावी लागली. त्या रागावल्या नाहीत, अट घातली. आठवा मीच हे प्रबंधात उघड लिहायचं, आणि मुलाखतीचा उतारा, त्यात सांगितलेल्या प्रसंगी हजर असलेल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचा. महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सुकदेव

ता. क. उतारा सोबत जोडला आहे. त्या प्रसंगी हजर होतात ते तुम्ही. सहीची जागा शेवटच्या पानावर.

ता. क. दुसरा. पान सहावर असं आहे की मी भडगावला पोचलो तेव्हा आबांची चिता विझत आली होती, आणि माझा मोठा भाऊ माझ्यासाठी तासभरही थांबला नव्हता. हे चुकीचं असेल तर खोडा. प्रबंध राहिला तरी चालेल भाऊ, पण हे चुकीचं निघायला हवं आहे मला. कागद पोस्टाने पाठवू नका. स्वतः घेऊन या.