हवेच्या तोंडातला बोळा

अप्पा, विठ्ठलवाडीचं आपलं गॅरेज मी अजून चालवते आणि चांगलं चालवते, हे आधी सांगून टाकते. ठाण्याहून, खडवलीहून ट्रकवाले येतात. बाईने इंजिन बांधलेलं चालेल का, असं आता कोणी विचारत नाही. पूर्वी विचारायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, "नारळपाणी ओळखणारी पोरगी आहे माझी," आणि मग ती सगळी हकीकत चहा गार होईपर्यंत रंगवायचात. त्यातला एक तुकडा तुम्हाला कधीच कळला नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आले होते आणि खाडीकडच्या मासळीवाल्याच्या ट्रकसाठी बदली इंजिन मी एकटीने बांधलं होतं. माझं पहिलं. सकाळी आपण दोघांनी ते ट्रकमध्ये चढवलं. हवेचा पाईप जोडायचा राहिला होता, म्हणून इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडात तुम्ही चिंधीचा बोळा कोंबलात. उघडं तोंड दिसलं की बोळा, मग पाच मिनिटांसाठी का असेना, ही तुमची शिस्त. ते काम तुम्ही दुसऱ्या कोणाला देत नसायचात. तुम्ही बॅटरी आणायला गेलात आणि मालक हळदकुंकू घेऊन बंपरवर चढला. त्याने नारळ फोडला आणि भक्तीच्या भरात सगळं पाणी इंजिनाच्या डोक्यावर ओतलं. मग मी पाईप जोडला, तुम्ही सेल्फ मारलात. खटकन आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी अडलं.

"बेअरिंग कोणी बसवली?" तुम्ही सगळ्यांसमोर विचारताय, माहीत असून. "आयटीआय करून इंजिन सीझ केलंस. यापुढे तू फक्त फिल्टर बदलायचे." मालक खालून म्हणतो, "आवो मिस्त्री, नारल फोरला तरी असा कसा?" तुम्ही दुसऱ्या ट्रकला टोचन लावून, ट्रक ओढून इंजिन जबरदस्तीने फिरवायला सांगता आणि मी आपल्या ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभी राहते. तुम्हाला नाही म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ.

माझं डोकं ठिकाणावर होतं. स्टँडवर हेच इंजिन मी हाताने फिरवलं होतं. आता पाना लावून बघितलं, तर उलटं फिरत होतं आणि सुलटं नेमकं एकाच जागी अडत होतं. "बेअरिंग जाम असती तर दोन्हीकडून जाम असती, अप्पा. आत पाणी आहे. ओढलंत तर रॉड वाकेल." मी डिझेल फवारणारे सगळे नोझल काढले आणि सेल्फ मारायला लावला. एका भोकातून पिचकारी उडाली ती थेट माझ्या तोंडावर. मी ओठ चाटला. डिझेलच्या वासातही गोड लागत होतं.

नोझल परत बसवले आणि इंजिन सुरू झालं, पहिल्या सेल्फला. तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. "चुकलो मी, पोरी." सगळ्यांसमोर. आईलाही तुम्ही असं कधी म्हटलेलं मला आठवत नाही. मग हळूच विचारलंत, "पाईप जोडताना बोळा होता?" मी म्हटलं, "नव्हता." यात खोटं काहीच नव्हतं. तुम्ही आपल्या हातांकडे बघितलंत. "मग मीच विसरलो. वय झालं."

त्याच आठवड्यात नट मापात आवळायचा तुमचा टॉर्क पाना तुम्ही माझ्या हातात दिलात, आणि त्यानंतर एकही इंजिन स्वतः बांधलं नाहीत. लोक म्हणाले, बापाने लेकीवर विश्वास टाकला. मीही तेच म्हणत राहिले, कारण ऐकायला फार बरं वाटायचं. पण तुम्ही साधा नटसुद्धा दोनदा तपासायला लागला होतात आणि ते मला रोज दिसत होतं.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? टॉर्क पान्याच्या पेटीत ठेवते. त्या सकाळी मालकाने कुंकू लावण्याआधी इंजिन पुसायला फडकं मागितलं होतं, अप्पा. हाताशी आलं ते मी ओढून दिलं. बोळा तुम्ही कोंबला होता, आणि चांगला घट्ट कोंबला होता.