मी न वाचलेली बातमी

६ जानेवारी, मंगळवार
आमच्या मालकांनी, दामूबाबांनी, केबल वाहिनी विकली. बुलेटिन संपल्यावर मी तोंड पुसत होते, तेव्हा सांगितलं. सतरा वर्षं डिचोलीतल्या त्या दोन खोल्यांत बसून मी सातच्या बातम्या वाचते आणि ही बातमी मला सगळ्यात शेवटी. घेणारी कंपनी मुंबईची. गावागावातली छोटी चॅनलं विकत घेत सुटलीय म्हणे.
दामूबाब म्हणाले, "आता टीव्ही कोण बघतो, सुलक्षा? सगळं फोनवर." मग कंपनी वेडी म्हणून घेते का? दिल्लीची, अमेरिकेची बातमी फोनवर फुकट मिळते. मये गावात पाणी का आलं नाही, कारापूरची बस का बंद झाली, ते कुठेच मिळत नाही. ते आमच्याकडे मिळतं. कंपनीला हे कळलं, दामूबाबांना नाही.
रागावले नाही. पण घरी येताना पाव आणायला विसरले.

८ जाने., गुरु.
आजच्या बुलेटिनमध्ये तंत्रज्ञानाची एक बातमी. चष्म्यात कॅमेरा. समोरच्याला न कळता शूटिंग. मारुती (कॅमेरा, एडिटिंग, वायरी, सगळं तोच, बेळगावकडचा, दहा वर्षं आमच्यात) म्हणाला, "मॅडम, आता माझी गरज नाही, तुम्ही चष्मा घाला." हसलो दोघं. तो जरा कमी हसला.
नवऱ्याला सांगितलं. सुरेश खाणीच्या ट्रकवर. म्हणाला, "त्यात काय नवीन? मी चहाला कुठे थांबलो ते माझा ट्रक मालकाला कधीपासून सांगतो."
माझं मत: असल्या चष्म्याचं गावात काही चालणार नाही. आमच्या वाड्यावर कॅमेऱ्याशिवायच सगळ्यांना सगळं दिसतं.

१२ जाने., सोम.
कंपनीची बाई आली. ऋचा. तिशीतली, पुण्याची, आता पणजीच्या ऑफिसात. हुशार आहे. ताई ताई करते, पण खोटं गोड बोलत नाही.
म्हणाली, अर्ध्या तासाचं बुलेटिन आता कोणी बघत नाही. बातमी चाळीस सेकंदांची हवी, आणि उभी. उभी म्हणजे फोन उभा धरला की पडदाभर दिसेल अशी. म्हटलं, चालेल, पण चाळीस सेकंदांत फक्त भांडण सांगून होतं, भांडणाचं कारण नाही. तिने ते वहीत लिहून घेतलं! खरंच लिहून घेतलं.
मग खरा विषय. कंपनीला माझा आवाज हवाय. मी नको असं नाही, पण आवाज वेगळा हवा. यंत्र तो शिकणार आणि दिवसभर, कधीही, कुठलीही बातमी माझ्या आवाजात वाचणार. "पेडण्यापासून डिचोलीपर्यंत लोकांचा तुमच्या आवाजावर विश्वास आहे, ताई." संमतीपत्र दिलं. इंग्रजीत, नऊ पानं.
पहिल्यांदा बरंच वाटलं, ते लिहून ठेवते.

१६ जाने., शुक्र.
म्हापशाचा बाजार. मोयऱ्याच्या केळ्यांचा भाव विचारला, तर केळीवाली मान वर न करताच म्हणाली, "सातांच्या बातमेची बाय मगे तूं?" चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आवाजावरून!
ह्याचीच कंपनीला किंमत कळलीय. मलाही आजच कळली.
संमतीपत्राची सहा पानं वाचून झाली. "कायमस्वरूपी", "सर्व माध्यमांत", "सर्व प्रदेशांत". मी मेले तरी बातम्या वाचतच राहणार, असा अर्थ. सु.ला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तू गेलीस तरी घरात बोलणं चालूच?" मारलं त्याला उशीने.
सही केलेली नाही. घाई कसली.

१९ जाने., सोम.
मारुतीने दार लावून घेतलं आणि संगणकावर काहीतरी लावलं. माझा आवाज. सुर्ल्याच्या रस्त्याची बातमी. मी म्हटलं, ही कधी वाचली मी? तो म्हणाला, "तुम्ही नाही वाचली."
सतरा वर्षांची रेकॉर्डिंगं कंपनीला केबलबरोबर मिळाली. त्यातूनच यंत्राला शिकवलं. माझ्या सहीची वाट कोणी बघितली नाही.
चांगलं होतं. खोटं का लिहू? "आणि" वर मी थोडी थांबते, तेसुद्धा घेतलंय. फक्त श्वास नाही. एकामागून एक वाक्यं, मध्ये माणूस दम घेतो तो नाहीच. आणि देवळातल्या कालोत्सवाची बातमी ज्या सुरात, त्याच सुरात अपघात.
ऋचाला फोन केला. "ती फक्त आतली चाचणी आहे, ताई. बाहेर जाणार नाही."
तिचं खरं मानलं. तिच्यावर अजूनही विश्वास आहे. कंपनीवर नाही. दोन्ही वेगळं आहे.

२३ जाने., शुक्र.
दोन दिवस रजा. माहेरी, कोरगावला. देवळात कालो. आईच्या हातचं भाज्यांचं खतखतं, भरपूर झोप. फोन बॅगेत ठेवला होता. फोनबिन सोडून राहायचं आता शहरात फॅड आलंय, त्याची शिबिरं असतात म्हणे. आमच्या कोरगावात आईच्या स्वयंपाकघरात रेंज येत नाही, तेवढ्यावर काम होतं.

२४ जाने., शनि.
सकाळी साडेसातला फोन. सुर्ल्याचे गावस सर. प्राथमिक शाळेतून निवृत्त. शाळेच्या बातम्या द्यायला यायचे, तेव्हापासूनची ओळख.
म्हणाले, "बाय, तुझ्याच तोंडून मेलो गो मी काल."
मला कळेचना. मग त्यांनी फोनवर ऐकवलं. कंपनीच्या नव्या ॲपवर, काल संध्याकाळी सातला, माझा आवाज: सुर्ला येथील निवृत्त शिक्षक विष्णू गावस यांचे वृद्धापकाळाने निधन.
सरांच्या आई वारल्यात. पार्वतीबाई. ब्याण्णव वर्षांच्या. घरच्यांनी पाठवलेल्या मजकुरात "यांच्या मातोश्री पार्वती गावस" असं स्वच्छ लिहिलंय, मारुतीने मला दाखवलं. यंत्राला बातमी छोटी करायला सांगितली होती. त्याने आईच कापली.
मी वाचली नाही सर, मी कोरगावला होते, एवढंच कसंबसं बोलले. ते म्हणाले, "ते मला खरं वाटेल. पण ज्यांनी ऐकलं, त्यांनी तुलाच ऐकलं."

२५ जाने., रवि.
स्कूटरने सुर्ल्याला गेले. सु. म्हणाला, मी येतो. नको म्हटलं. हे माझं काम.
नि.वा. (निधन वार्ता, आमच्या बुलेटिनची शेवटची पाच मिनिटं) लोक सगळ्यात जास्त ऐकतात. जेवणं थांबवून ऐकतात. कोण गेलं, किती वाजता नेणार, हे ऐकून माणसं चपला घालतात. म्हणून प्रत्येक नि.वा. मी घरी फोन करून पडताळते. सतरा वर्षांत एक चुकलेली नाही.
सर ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. बस म्हणाले. सुतक, म्हणून चहासुद्धा विचारता येत नाही ह्याचंच त्यांना वाईट वाटत होतं.
शुक्रवारी रात्री जुने विद्यार्थी हार घेऊन आले. सर दारात उभे बघून एक जण तिथेच खाली बसला. सरांनीच त्याला पाणी दिलं. सरांची बहीण वाळपईला असते. ती आईसाठी रडत बसमध्ये बसली, आणि मध्ये कोणीतरी फोन पुढे केला. "आईचं दुःख घेऊन निघाली होती ती. वाटेत भावाचंही घातलंत तिच्या अंगावर." "घातलंत" म्हणाले. मी खाली बघितलं.
मग जरा हसले. "आणि चौसष्टाव्या वर्षी वृद्धापकाळ गो?"
मी माफी मागितली. म्हटलं, सर, तुम्ही जिवंत आहात हे मी उद्याच वाचते. त्यावर जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते: "मी जिवंत आहे ते गावाला दिसतंय. माझ्या आईचं नाव राहून गेलं. तेवढं वाच."
पार्वतीबाईंनी खाणीवर डोक्यावरून टोपल्या वाहिल्या. लाल माती. त्यावर सर शिकले. आयुष्यात एकदाच त्यांचं नाव सगळ्यांच्या कानावर पडायचं होतं.

२७ जाने., मंगळ.
पणजी. काचेचं ऑफिस, थंडगार. ऋचा आणि तिचा साहेब. साहेब मराठीच, पण इंग्रजीत विचार करून बोलणारा. म्हणाला, क्लिप काढून टाकलीय, विषय संपला. दुरुस्ती वाचली तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल.
म्हटलं, सुर्ल्यात माहीत नाही असा कोणी उरलेला नाही.
म्हणाला, यंत्रं सुरुवातीला चुकतात, शिकतात. म्हटलं, शिकू देत. क्रिकेटच्या स्कोअरवर शिकू देत. माणसांच्या घरात शिकू नये.
मग त्याने हळूच संमतीपत्र पुढे सरकवलं. सही करा, दुरुस्ती उद्याच तुमच्याकडून वाचून घेतो. मी पेन त्याच्याकडे परत ढकललं.
लिफ्टपर्यंत ऋचा आली. "ताई, मी तुमच्या जागी असते तर सही केली नसती." आणि लगेच, "हे मी बोलले नाही."

२८ जाने., बुध.
वाचलं. स्टुडिओत नाही, सुर्ल्याला, सरांच्या अंगणात, सकाळी दहाला. मारुतीने स्वतःच्या फोनवर घेतलं. त्याला म्हटलं, तुझी नोकरी जाईल. म्हणाला, "मॅडम, गेली तर बेळगावात लग्नाच्या शूटिंगला कमी नाही."
फोन उभाच धरला त्याने, ऋचाच्या शिकवणीप्रमाणे.
आधी सांगितलं की शुक्रवारची बातमी यंत्राने वाचली, मी नाही, आणि ती चूक होती. मग पार्वतीबाईंची. पूर्ण नाव, वय, खाण, टोपल्या, मुलगा शिक्षक, मुलगी वाळपईला. अडीच मिनिटं. मध्ये एकदा गळा भरून आला. मारुतीने विचारलं, परत घेऊया? म्हटलं, नको, असू दे.
बहीण दारात उभी राहून ऐकत होती. संपल्यावर पुढे आली आणि माझा हात धरला. पदराने डोळे पुसून आत गेली.
मारुतीने गावाच्या ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत कोरगावहून आईचा फोन, "घसा बसलाय का गो तुझा?"

३१ जाने., शनि.
कंपनीकडून मारुतीला काही नाही, मला काही नाही. व्हिडिओ मात्र सगळीकडे. एवढी वर्षं माझी एकही बातमी आमच्या केबलच्या भागाबाहेर गेली नव्हती, ही मुरगाव बंदरातल्या कामगारांच्या ग्रुपवर फिरतेय, सु.च्या ओळखीच्या एकाने सांगितलं. लोक म्हणतात फोनवर फक्त भांडणं आणि नाच पसरतात. अडीच मिनिटांची निधन वार्ता पसरली. माझंही तेच मत होतं, ते बदललं. चाळीस सेकंदांच्या बाबतीत ऋचाचंही बदललं असेल.

२ फेब्रु., सोम.
बसून स्वतःचं संमतीपत्र लिहिलं. मराठीत, एक पान. आवाज देते. यंत्राला माझा विरोध नाही; पाण्याच्या वेळा, बसच्या वेळा, हवामान, खुशाल वाचू दे, मला तेवढीच विश्रांती. पण आधी सांगायचं की यंत्र वाचतंय. मी पडताळलेला मजकूरच माझ्या आवाजात जाणार. आणि नि.वा. माणूसच वाचेल. मी नसेन तेव्हा दुसरं माणूस. माझ्यानंतर आवाज बंद.
सु.ने वाचलं. म्हणाला, "शेवटचं वाक्य नको लिहूस." मी ठेवलं.
दामूबाबांनाही दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. "मी विकली तेव्हा ह्यातलं काही विचारायला सुचलंच नाही गो मला." म्हातारे दिसले आज.
पाठवलं.

४ फेब्रु., बुध.
ऋचाचा मेसेज. "वकिलांकडे गेलंय. नि.वा. सोडून बाकी कठीण." पंधरा मिनिटांनी दुसरा. "पण नाही म्हटलेलं नाही."
तोपर्यंत सातची बुलेटिनं मीच वाचायची असं ठरलं. मारुतीही आहे. ॲपवरचा तो आवाज सध्या बंद. कायमचा की तात्पुरता, कोणी सांगत नाही.
दोन रस्ते आहेत. त्यांनी मानलं तर त्यांच्याकडे. नाही मानलं तर मारुतीचा फोन आणि माझा घसा. दुसऱ्याची भीती वाटत नाही, ह्याचंच नवल वाटतं.

६ फेब्रु., शुक्र.
स्कूटर दुरुस्तीला. म्हापशाहून डिचोलीला निघालेय, बसमध्येच लिहितेय. शेजारी एक आजी, मांडीवर बाजाराची पिशवी. तिकिटासाठी मी तोंड उघडलं आणि तिने ओळखलं. "सातांची बातमी वाचता ती तूंच न्हय गो?"
हो म्हटलं.
"काल वाचली तीय तूंच?"
कालची मीच.
"आनी फाल्यां?"
उद्याचं मला माहीत नाही, आजी. पणजीला सोमवारी बोलावलंय.
ती मांडीवरची पिशवी सावरत म्हणाली, "तूं आसशीत जाल्यार म्हाका कळटलें." तू असलीस तर मला कळेल. आणि खिडकीबाहेर बघू लागली.
आज नि.वा. चार आल्यात. तीन घरी बोलणं झालं. चौथ्या घरचा फोन लागत नाही. बस तिथूनच जाते, सातला अजून अवकाश आहे. उतरून विचारून येते.