बडोद्याचा शब्द

प्रिय उत्कर्षा,

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकली असशील. मोबाइलवर लिहिलेलं कुठे जाऊन पोचेल याचा हल्ली मला भरवसा वाटत नाही, म्हणून फतेगंजच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवते आहे. आई म्हणते, बारावीत पोरीचं डोकं फिरलंय. फिरलंय खरं.

तू पुण्याला गेलीस आणि आमच्या शाळेत एका बाईंचं व्याख्यान झालं. कॉलेजवाले, हॉस्टेलवाले आता मुलींची खाती तपासतात, इंटरनेटवरचं नाव जपा, वगैरे. मी किती भित्री ते तुला ठाऊक आहे. त्याच आठवड्यात मी खात्यावरचे गरब्याचे फोटो काढून टाकले, वर्गातल्या अनिशशी क्रिकेटवरून घातलेला वाद पुसला आणि खातं प्रायव्हेट केलं. रोज सकाळी दात घासता घासता स्वतःचंच नाव शोधायचे. सुरतेची एक देवश्री सापडायची, दातांची डॉक्टर. माझं काहीच सापडायचं नाही आणि मी खूश व्हायचे.

तरी गेल्या मंगळवारी तुमच्या हॉस्टेलच्या रेक्टरबाईंचा मेल आलाच. माझ्या अश्लील भाषेबद्दल निनावी तक्रार आली आहे, प्रवेशाचा अर्ज तूर्त थांबवला आहे. सोबत स्क्रीनशॉट. मांडवीत सेव-उसळ खाताना तुझ्या पांढऱ्या ओढणीवर तर्री सांडली होती, तो तुझा फोटो. खाली तू निघालीस त्या दिवशीची माझी कॉमेंट: ‘ए गांडी, डाग जाईल. तू जाऊ नकोस.’ आपल्या बडोद्यात गांडी म्हणजे वेडी. आई मला दूधवाल्यासमोर तशी हाक मारते, आपण दोघी तर एकमेकींना दुसऱ्या नावाने बोलावतच नव्हतो. पुण्यात त्या शब्दाचं काय होतं ते बाबांनी मला भिंतीकडे बघत कसंबसं सांगितलं.

मग मी कोणावर संशय घेतला नाही ते विचार. तुझा फोटो दिसतो मोजक्या लोकांना. प्राचीनेही त्याच हॉस्टेलला अर्ज केलाय, म्हणून दोन दिवस तिच्या स्कूटरवर बसले नाही. अनिशला तोंडावर विचारलं, तो अजून बोलत नाही. सगळ्यांच्या हातातल्या फोनकडे चोरून बघत होते. शेवटी काल प्राचीनेच तो स्क्रीनशॉट मोठा करून माझ्यासमोर धरला. फोटोखाली एक बारीक ओळ आहे, किती जणांनी पाहिला ते सांगणारी. ज्याचा फोटो असतो त्यालाच ती दिसते.

मी लगेच तुझं खातं उघडलं. मांडवी नाही, सेव-उसळ नाही, बडोद्यातला एकही फोटो नाही. तूही नाव जपते आहेस म्हणायची.

फोटो बघून खोलीतल्या मुली हसल्या असतील. अर्थ सांगायची तुला लाज वाटली असेल. आणि मी तिथे राहायला आले की जिन्यातून सगळ्यांसमोर त्याच नावाने हाक मारणार, याची भीतीही. हा अंदाज चुकला तर मला फार बरं वाटेल, पण चुकला असं वाटत नाही. मला राग आलाय आणि रडूही येतंय. तरी हे पत्र त्यासाठी नाही. अर्जात एक रकाना होता, ‘तुम्हाला ओळखणारी हॉस्टेलमधली विद्यार्थिनी’. त्यात मी जानेवारीतच तुझं नाव भरलंय. रेक्टरबाईंनी कळवलंय, सोमवारी त्या तुला बोलावून त्या शब्दाचा अर्थ विचारणार आहेत. स्क्रीनशॉट कोणाच्या फोनवरचा आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तू फक्त अर्थ सांग.

तुझीच,
गांडी